गाणे आपले, मग गाणारी कोणाची?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जयंतीच्या आठवड्यातला शनिवार होता. आमच्या वस्तीतल्या मंडळाने ठरवले होते, यंदा डीजेवरचा खर्च कमी करायचा आणि स्वतः गाणी लिहून गाणाऱ्या एखाद्या मुलीला बोलवायचे. अशी एक मुलगी आम्हाला मोबाईलवर सापडली होती. स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ उभी राहून, फोन डब्याला टेकवून तिने स्वतःचे गाणे रेकॉर्ड केले होते. विषय होता रखडलेली शिष्यवृत्ती आणि हॉस्टेल सोडून घरी परतावे लागलेली मैत्रीण. आम्ही सगळ्यांनी ते शेअर केले, स्टेटसला ठेवले. फोन केला तेव्हा ती लगेच तयार झाली. आई आणि ढोलकी वाजवणारा भाऊ यांना घेऊन एसटीने दोन तासांचा प्रवास करून ती आली.

कार्यक्रम सातचा होता. पाहुणे साडेआठला आले. मग दीपप्रज्वलन, शाली, सत्कार, भाषणे, आणि त्या भाषणांवर भाषणे. तिच्या हातात माईक आला तेव्हा पावणेदहा वाजले होते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर दहा वाजले आणि साऊंड बंद करावा लागला. तिने सात गाण्यांची तयारी केली होती. जाताना आम्ही दिलेल्या पाकिटात परतीच्या जीपचे भाडे जेमतेम निघाले असेल. ती एवढेच म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी आधी गाणी ठेवा, मग भाषणं."

दोष पोलिसांचा नव्हता आणि पाहुण्यांचाही पूर्ण नव्हता. कार्यक्रम आम्हीच आखला होता. त्या रात्रीपासून आम्ही एका प्रश्नावर विचार करत आहोत. आपल्या समाजाला गाणे लागते. जन्मापासून जलदान विधीपर्यंत लागते. मग ते लिहिणारी आणि गाणारी बाई जगावी, टिकावी, याची जबाबदारी कोणाची? तिला मोबाईलवर शोधून काढले की आपले काम संपते का?

आधी ओवी, मग कॅसेट, मग मोबाईल

स्वतः रचून स्वतः गाणारी बाई ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पाली वाङ्मयातली थेरीगाथा आठवा. भिक्षुणींनी आपल्या जगण्याविषयी, दुःखाविषयी आणि मुक्तीविषयी रचलेल्या गाथांचा तो संग्रह. त्यात पाणी भरणारी दासी पुण्णिका आहे, आम्रपाली आहे. पुण्णिका तर नदीत स्नान करून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणालाच प्रश्न विचारते. जगातल्या स्त्रियांच्या सर्वात जुन्या काव्यसंग्रहांमध्ये थेरीगाथेची गणना होते. आणि बहुतेक गाथांवर ती रचणाऱ्या थेरीचे नाव आहे. हे नाव पुढे महत्त्वाचे ठरणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

त्यानंतरची ओळखीची जागा म्हणजे जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रण झाले. तिथल्या राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी बाबासाहेबांवर आणि बुद्धावर ओव्या गायल्या. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या आज ऐकता येतात. शाळेत फारसे न गेलेल्या बायकांनी धर्मांतराचा अर्थ दळता दळता आपल्या शब्दांत मांडला होता. पण तो घराच्या आत राहिला. बाहेरच्या स्टेजवर जलसा पुरुषांचा होता. भीमराव कर्डकांच्या काळातल्या आंबेडकरी जलशांत स्त्रीचे पात्रही पुरुषच वठवत. पुढे गायन पार्ट्या आल्या, कव्वालीचे मुकाबले आले आणि त्यात गायिका उभ्या राहिल्या. पण गाणे लिहिणारा बहुतेक वेळा पुरुष असे आणि कॅसेटचे हक्क कंपनीकडे जात. त्या कॅसेटी, छोट्या गीतपुस्तिका आणि सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर लागणारे स्टॉल, हीच आपल्या आईवडिलांची गाणे शोधण्याची जागा होती. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी या पुस्तिका आणि गायन पार्ट्या अभ्यासाचा विषय म्हणून गांभीर्याने घेतल्या. विद्यापीठांनी मात्र तोवर त्यांच्याकडे फारसे पाहिले नव्हते.

आमच्या पिढीतल्या अनेकांना शीतल साठे भेटल्या त्या आनंद पटवर्धन यांच्या 'जयभीम कॉम्रेड' या २०११ च्या माहितीपटातून. वस्त्यावस्त्यांत पडदा लावून तो दाखवला गेला. कबीर कला मंचाची ही गायिका कोण, हे विचारत पोरे एकमेकांना क्लिप पाठवू लागली. एप्रिल २०१३ मध्ये गरोदर असताना त्या विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाल्या. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. नंतर त्यांनी आणि सचिन माळी यांनी नवयान महाजलसा उभा केला. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदारी गात घर चालवत होत्या. मोबाईलवर फिरलेल्या व्हिडिओंमुळे महाराष्ट्राने त्यांना ओळखले. महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे 'माही जी' या नावाने स्वतःचे रॅप लिहिते आणि गाते. तिचा श्रोता तर पहिल्यापासून मोबाईलवरच आहे.

म्हणजे शोधण्याचा मार्ग सोपा होत गेला. पूर्वी चैत्यभूमीपर्यंत जावे लागे. आता अंगठा पुरतो. त्यामुळेच एक गैरसमज वाढला आहे. आपण गाणे पाहिले, लाइक केले, पुढे पाठवले, म्हणजे त्या गायिकेला साथ दिली, असे आपल्याला वाटते.

व्ह्यू वाढतात, चूल पेटते का?

हा हिशेब नीट समजून घेऊ. यूट्यूबच्या सध्याच्या नियमानुसार जाहिरातीच्या पैशात वाटा हवा असेल तर चॅनेलला किमान १,००० सबस्क्रायबर लागतात. शिवाय बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले असावे लागते. नाहीतर नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यू लागतात. हे सगळे तिच्या स्वतःच्या चॅनेलवर व्हायला हवे. आपण काय करतो? तिचे गाणे डाउनलोड करतो आणि मंडळाच्या पेजवर टाकतो. खाली लिहितो, 'अंगावर काटा आणणारे भीमगीत, नक्की ऐका'. तिचे नाव नाही, चॅनेलची लिंक नाही. लाखभर लोक ऐकतात आणि सबस्क्रायबर आपल्या पेजचे वाढतात. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या क्लिपचे तर तिला काहीच मिळत नाही.

म्हणून स्वतंत्रपणे गाणाऱ्या मुलीचे घर चालते ते मुख्यतः कार्यक्रमांवर. आणि आपले कार्यक्रम ठरावीक दिवसांना चिकटलेले आहेत. फुले जयंती आणि भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, सहा डिसेंबर, सावित्रीमाई आणि रमाईची जयंती. एप्रिलमध्ये एका दिवशी चार ठिकाणांहून फोन येतात. जून ते सप्टेंबर फोन वाजत नाही. त्यातही बरीच मंडळे मानधनाचा विषय काढला की म्हणतात, "ताई, समाजाचं काम आहे." मांडववाल्याला, साऊंडवाल्याला, फ्लेक्सवाल्याला आपण असे सांगत नाही. गाणे लिहायला लागलेली रात्र, चाल बसवायला लागलेले आठवडे आणि वादकाची मजुरी हेही श्रम आहेत. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांनी तरी फुकट राबवण्याला सेवा म्हणू नये.

यातून पुढे काय होते, हे आम्ही वस्त्यांमध्ये पाहिले आहे. विशीत गाणारी मुलगी पंचविशीत थांबते. "रात्री-अपरात्री बाहेर राहते आणि हातात काही नाही," हे घरच्यांचे म्हणणे तिला खोडता येत नाही. स्थळ आले की वही कपाटात जाते. आवाज तोच असतो, हरतो तो हिशेब.

गाण्याखाली कोणाचे नाव?

चळवळीबाहेरचे, दूरचे एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. ट्रेसी चॅपमन ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका आणि गीतकार. विद्यार्थिदशेत ती बॉस्टनजवळच्या केंब्रिज शहरात रस्त्यावर गिटार घेऊन गायची. ११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त वर्णभेदविरोधी कार्यक्रम झाला. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. चॅपमन त्या दिवशी एकदा गाऊन गेली होती. नंतर स्टीव्ही वंडर यांच्या वाद्यसामग्रीत अडचण आली आणि रिकामी वेळ भरायला तिला पुन्हा एकटीला स्टेजवर पाठवले गेले. हातात फक्त गिटार. दूरचित्रवाणीवर जगभरातल्या लोकांनी ते पाहिले आणि तिच्या पहिल्या अल्बमची विक्री झपाट्याने वाढली.

गोष्ट इथे संपत नाही. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या गोऱ्या गायकाने तिचे 'फास्ट कार' पुन्हा गायले आणि ते गाजले. गाणे लिहिणारी म्हणून चॅपमनचे नाव त्यावर होते. त्यामुळे पस्तीस वर्षांनंतरही मोबदल्याचा वाटा तिच्याकडे गेला आणि अमेरिकेतल्या कंट्री संगीताचा 'साँग ऑफ द इयर' पुरस्कारही तिलाच मिळाला. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार.

आपल्याकडे असे का होत नाही? कायदा आपल्याकडेही आहे. तो गाणाऱ्या मुलींपर्यंत पोहोचत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी चार गोष्टी पाठ करून ठेवाव्यात.

पहिली. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार गाणे लिहिणारी व्यक्ती त्या शब्दांची मालक असते आणि चाल बांधणारी व्यक्ती चालीची. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरीही तारीख घातलेली वही आणि पहिले रेकॉर्डिंग जपून ठेवावे.

दुसरी. हक्क दुसऱ्याला द्यायचे असतील तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. 'कायमचे सर्व हक्क' अशी ओळ दिसली तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

तिसरी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. तो फक्त कायदेशीर वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. 'आयपीआरएस' ही गीतकार-संगीतकारांची अशी संस्था आहे. तिचे सदस्यत्व घेता येते.

चौथी. प्रत्यक्ष गाणाऱ्या कलाकारालाही स्वतंत्र हक्क आहे. तिच्या संमतीशिवाय तिचा कार्यक्रम रेकॉर्ड करून विकणे किंवा प्रसारित करणे चालत नाही. रचना करणाऱ्याला आपले नाव लावले जावे असे सांगण्याचाही हक्क आहे.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या थेरींची नावे पाठांतराने जपली गेली, मग लिहून जपली गेली. आपण मात्र परवाच्या गाण्याखाली 'पारंपरिक भीमगीत' लिहून मोकळे होतो.

समोर बसून ऐकले की काय होते?

मोबाईलवर आपण तिचे एक गाणे ऐकतो, तेही अर्धे. समोर बसलो की ती दोन गाण्यांच्या मध्ये बोलते. हे गाणे कुठे सुचले, कोणासाठी लिहिले, कोणती ओळ घरच्यांनी बदलायला सांगितली आणि ती का बदलली नाही, हे कळते. कधी चाल चुकते, ती हसते, पुन्हा सुरू करते. मागच्या रांगेतली आजी मध्येच दाद देते आणि ती तेच कडवे पुन्हा घेते. गाणे तिथे घडत असते आणि ऐकणारा त्यात असतो.

चेन्नईचे उदाहरण पाहा. तिथल्या श्रमिक वस्त्यांमध्ये गाना हा गायनप्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. गाणारे बहुतेक पुरुष. जानेवारी २०१८ मध्ये पा. रंजित यांच्या पुढाकारातून आलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या समूहाने उघड्यावर पहिला मोठा कार्यक्रम केला. त्या समूहात एकच गायिका होती, इसैवाणी. हजारो लोकांसमोर एक बाई गाना गाते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. २०२० मध्ये बीबीसीच्या जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत तिचे नाव आले. समोरची एखादी पोर ते पाहून घरी जाते तेव्हा 'बायका हे गात नाहीत' हे वाक्य तिच्यासाठी खोटे ठरलेले असते.

पण प्रत्यक्ष कार्यक्रमात तिला त्रासही होतो, आणि तो आपणच देतो. सेल्फीसाठी खांद्यावर हात. निवेदकाने फ्लेक्सवर छापलेला तिचा मोबाईल नंबर आणि मग रात्री एक वाजता येणारे 'हाय'. कपड्यांवरच्या कमेंट. आणखी एक त्रास आपल्याला त्रास वाटतच नाही. ती स्वतःच्या एकटेपणावर, प्रेमावर, पाळीच्या दिवसांत कामावर जाण्यावर गाऊ लागली की समोरून चिठ्ठी येते, 'फक्त बाबासाहेबांवर गा'. बाबासाहेबांवर ती गातेच. पण बाबासाहेबांमुळे जिला बोलता आले, तिने काय बोलावे हेही आपण ठरवणार असू, तर आपण तिचे चाहते कसले?

कार्यक्रम ठेवणार असाल तर

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. तुमची तारीख त्या दिवसांत आहे का, हे आधी बघा. नसेल तर दहाच्या आधी उलटे मोजा. तिचा दीड तास आधी राखून ठेवा, उरलेल्या वेळेत भाषणे बसवा. गाणे सहाला सुरू झाले तर बायका आणि मुले शेवटपर्यंत थांबतात, हा आमचा अनुभव आहे. नऊनंतर त्यांना स्वयंपाकघर बोलावते.

मानधन फोनवरच ठरवा, निम्मे आधी पाठवा, उरलेले स्टेजवरून उतरताच द्या. प्रवास, जेवण आणि वादकांचे पैसे वेगळे धरा. सोबत येणाऱ्या आईला किंवा बहिणीला पाहुणी म्हणून वागवा. कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि स्वच्छ संडास द्या. साऊंडवाल्याला तासभर आधी बोलवा. डीजेचा भोंगा आणि गाण्याचा माईक यांत फरक असतो. फ्लेक्सवर नेत्यांचे बारा फोटो आणि कोपऱ्यात 'सुमधुर भीमगीतांचा कार्यक्रम', असे नको. तिचे नाव मोठे छापा, 'गीत, चाल आणि गायन' असे लिहून छापा. रेकॉर्ड करायचे असेल तर विचारा आणि तिच्याच चॅनेलवर जाऊ द्या.

आणि जयंतीची वाट बघू नका. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी विहारात किंवा ग्रंथालयात पन्नास-साठ माणसांची बैठक ठेवा. मांडव लागत नाही, भोंगा लागत नाही. वर्गणी देणारा हात आपल्याकडे आहेच. तिकिटाची सवय नाही, ती लावून घेऊ.

आम्ही नंतर काय केले

त्याच मुलीला आम्ही ऑगस्टमध्ये पुन्हा फोन केला. तिने लगेच होकार दिला नाही. दोन दिवसांनी दिला. विहाराच्या खोलीत, संध्याकाळी सहाला, माणशी पन्नास रुपये. पास आम्ही घरोघर जाऊन विकले. काही जण हसले, "गाण्याला तिकीट?" तरी शंभरावर लोक आले आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. भाषण एकही झाले नाही. तिने नऊ गाणी म्हटली. शिष्यवृत्तीचे गाणे संपल्यावर मागे बसलेल्या एका अकरावीच्या मुलीने हात वर करून सांगितले की तिचाही अर्ज अडकला आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्यासोबत समाजकल्याणच्या कार्यालयात गेलो.

गाण्यांच्या झेरॉक्स पुस्तिका ती घेऊन आली होती, वीस रुपयांना एक. सगळ्या संपल्या. पैसे फार झाले नाहीत, पण प्रवास, वादक आणि वर दोन आठवड्यांचा घरखर्च निघाला. तिची आई पुढच्या रांगेत बसली होती. निघताना त्यांनी आम्हाला विचारले, "पुढचा कार्यक्रम कधी ठेवता?"

हाच प्रश्न आम्ही तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्या मोबाईलमध्ये आत्ता अशा एखादीचे गाणे नक्की असेल. तिचे नाव काय, ती राहते कुठे, ते लिहिले कोणी, हे आज शोधा. तिच्या चॅनेलवर जाऊन ते पूर्ण ऐका. मग तुमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक तारीख मागा. जयंतीची नसली तरी चालेल.

जय भीम.